मुक्काम आणि शरणागती
आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे सासवड, जेजुरी, फलटण, वाखरी असे मुक्काम आधीच ठरलेले असतात; मग सर्व भार विठ्ठलावर टाकणाऱ्या शरणागतीशी हे नियोजन विसंगत ठरते काय, हा प्रश्न वरवरचा नाही. त्याचे उत्तर तळावर, म्हणजे पालखी रात्री जेथे विसावते त्या मोकळ्या जागी, मिळते: तेथे चोपदाराने दंड उंचावताच दिंड्या, अर्थात वारकऱ्यांचे भजनी समूह, शांत होतात, वाटेत सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मग सर्वांची एकत्र समाजआरती होते. निवाऱ्याची चिंता व्यवस्थेने वाहिल्यामुळेच वारकऱ्याचे चित्त नामात राहू शकते. म्हणून मुक्कामाची आखणी ही शरणागतीला बाधक नसून तिचेच अंग होय.