कागदाची भाषा

माझी धाकटी बहीण बेळगावच्या बाजूला दिलेली. दाजी वारले, वारसनोंदीचा कागद आला, तो सगळा कानडीत. तिची शाळा चौथीपर्यंत, तीबी मराठी. कागद पिशवीत घालून ती एस्टीनं आमच्याकडं गडहिंग्लजला आली. म्हणाली, "दादा, बघ की काय लिवलंय." मला तरी कुठं कानडी वाचता येतंय? तिकडं कचेरीत विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला होता, "इतकी वर्षं इथं राहता, अजून कानडी येत नाही?"

माझं डोकंच सणकलं. तिच्या सासऱ्यांनी काय गाव बदललं नव्हतं. 1956 साली राज्य बदललं, गाव जिथल्या तिथंच होतं.

एका वकिलानं सांगितलं, घटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. 350 अ म्हणतं, अल्पसंख्य भाषेच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं, यासाठी राज्यानं झटावं. पण गाऱ्हाण्याला उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं, हे काय त्या कलमात नाही. मी चार माणसांत हे सगळं तावातावानं सांगत सुटलो.

त्याच सुगीत शेजारच्या बांधाची म्हातारी आली. आमच्या तालुक्यात पूर्वेकडं काही गावांत घरात कानडीच बोलतात, ती तिकडची. हातात कर्जाची नोटीस, मराठीत. म्हणाली, "अण्णा, एन बरदैती?" म्हणजे काय लिवलंय? मी हातातलं खुरपं न ठेवताच बोललो, "एवढी वर्षं म्हाराष्ट्रात ऱ्हातीस, मराठी शिकायला काय झालं?"

बोललो आणि जीभ चावली. खिडकीतला तो माणूस माझ्याच तोंडानं बोलला होता.

राज्याची भाषा शिकावी, यात वाद नाही. बाजारहाट करता करता माणूस शिकतोच. म्हातारी मोडकंतोडकं मराठी बोलतेच, बहीणही कानडीत भाजी विकते. पण जमीन जाईल का राहील, हे ज्या कागदावर ठरतं, तो तरी माणसाला समजायला नको का? नाहीतर अंगठा कशावर उठवला, हे तिला कळायचं कसं?

बहिणीसाठी मागतो तो हक्क म्हातारीला देणार नसेन, तर मी हक्क मागत नाही, नुसती माझ्या माणसांची बाजू घेतोय.

खुरपं ठेवलं. म्हातारीला बांधावर बसवलं आणि तिच्या नातवाला हाक मारली. मी मराठी वाचत गेलो, तो कानडीत सांगत गेला. नोटीस एका पानाची होती, पण म्हातारीला समजेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.