जबाबदारीचे हिस्से होत नाहीत

विमान कोसळले की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, चूक कोणाची? विमान बनवणाऱ्या कारखान्याची, ते चालवणाऱ्या कंपनीची, परवाना देणाऱ्या सरकारी खात्याची, की वैमानिकाची? वैमानिक बहुधा हयात नसतो. आपली बाजू मांडायला तो येऊ शकत नाही, म्हणून पहिले बोट त्याच्याकडेच वळते. या प्रश्नाचा विचार आपल्या महाराष्ट्रातल्या एका घटनेवरून करावा, असे आम्हाला वाटते.

२६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईला निघाले. आत ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. जमीन सोडता सोडता विमानाची डावी बाजू त्या ट्रकला धडकली. पुढे ते विजेच्या तारांवर आदळून कोसळले आणि पेटले. ५५ जीव गेले. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे पहिले. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे.

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. सिंदी (रेल्वे)च्या माणसाला कापसाच्या गाठींचा ट्रक नवा नाही आणि फाटकही नवे नाही. इंजिनचालक कितीही हुशार असो, फाटक पाडण्याचे काम कोणी त्याच्या हुशारीवर सोडत नाही. आणि फाटक पडले आहे म्हणून चालकाने डोळे मिटावेत, असेही कोणी म्हणत नाही. औरंगाबादला दोहोंपैकी एकाने जरी आपले काम चोख केले असते, तरी ती टक्कर बहुधा टळली असती. मग त्या ५५ मृत्यूंचा दोष दोघांत निम्मा-निम्मा वाटायचा काय?

आपल्याकडे वारशाचे हिस्से ठरलेले आहेत. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा. विधवा दोन असतील तर त्याच आठव्या हिश्शात दोघी. वारस वाढले की वाटा घटतो. नुकसानभरपाईची रक्कम अशी वाटता येईल, पण दोष वाटता येत नाही. आणखी चार जण चुकले म्हणून आमची चूक पाव होत नाही.

आमच्या मते खरी गफलत वेगळीच आहे. जनाजाची नमाज फर्जे-किफाया आहे. काहींनी ती अदा केली की बाकीच्यांवरचा फर्ज उतरतो, आणि कोणीच केली नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. सुरक्षेच्या बाबतीत प्रत्येकाला यातला पहिला भाग तेवढा आठवतो. कारखाना म्हणतो, वैमानिक सावरून घेईल. वैमानिक म्हणतो, कारखान्याने तपासले असेल. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने पडली व ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणारी एक यंत्रणा त्यात होती. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीच दिली नव्हती. आणि अमेरिकेच्या सरकारी खात्याने तपासणीची बरीच कामे कारखान्याच्याच माणसांवर सोपवली होती.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातात २६० माणसे गेली. प्राथमिक अहवालाने कारण ठरवले नाही, पण त्यातली एक नोंद विचार करण्यासारखी आहे. इंधनाच्या बटणांची तपासणी करावी, अशी सूचना अमेरिकेच्या खात्याने २०१८ मध्ये काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून कंपनीने ती तपासणी केली नव्हती. अपघाताशी तिचा संबंध असेल किंवा नसेल. आमचा प्रश्न वृत्तीचा आहे. फर्ज नाही, मुस्तहब आहे, मग सोडले तरी चालते, ही सवय आपल्यालाही अनोळखी नाही.

सगळेच जबाबदार म्हटले तर कोणीच सापडणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा नाही. ज्याच्या हाती जितका वेळ, जितके ज्ञान आणि जितका अधिकार, तितका त्याचा जाब कडक. वैमानिकाला काही सेकंद मिळतात. कारखान्याला आणि सरकारी खात्याला कित्येक वर्षे मिळालेली असतात. तरी बोट आधी सेकंदवाल्याकडे जाते, हा न्याय नव्हे.

आणि शेवटी आपले लोक म्हणतात, मौत लिहिलेली होती. लिहिलेली असेल. ते मय्यतच्या घरच्यांनी सबर करण्यासाठी म्हणावे. ज्याच्याकडे फाटक होते, त्याला ते म्हणण्याचा हक्क नाही. उंट बांधल्यानंतरच तवक्कल, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते.

विमान दूर राहिले. शाळेच्या सहलीची बस निघते तेव्हा मालक, चालक, परवाना देणारे कार्यालय आणि मुलांना घेऊन जाणारे आम्ही शिक्षक, अशी हीच साखळी असते. टायर घासलेला दिसला तर बस थांबवायची कोणी? ज्याला दिसला त्याने. तिथे तो फर्जे-ऐन होतो.