आज्ञा देवाची की रीत माणसांची?



मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. यरुशलेमहून आलेल्या परुशी व शास्त्री लोकांनी पाहिले की, येशूचे काही शिष्य हात न धुताच जेवतात. प्रश्न स्वच्छतेचा नव्हता. वाडवडिलांनी घालून दिलेली ती धार्मिक रीत होती आणि ती मोडली गेली, ही त्यांची तक्रार होती. यशया संदेष्ट्याचा आधार घेऊन प्रभूने त्यांना उत्तर दिले. तुम्ही ओठांनी देवाचा सन्मान करता, पण तुमचे अंतःकरण त्याच्यापासून दूर आहे. देवाची आज्ञा सोडून तुम्ही माणसांची रीत धरून बसला आहात, असे त्या उत्तराचे सार आहे.

उपासनेच्या 'ब' वर्षात, सामान्य काळातील २२ व्या रविवारी हा उतारा वाचला जातो. १ सप्टेंबर २०२४ रोजी तो वाचला गेला. त्या आठवड्यात प्रवचनाची तयारी करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. रविवारच्या वाचनात आठव्या वचनानंतर एकदम चौदावे वचन येते. मधली पाच वचने सामान्य काळाच्या पाचव्या आठवड्यातील मंगळवारी वाचली जातात, आणि मंगळवारच्या मिस्सेला देवळात किती माणसे असतात हे आपण जाणतो. प्रभूने दिलेले खरे उदाहरण याच पाच वचनांत आहे.

ते उदाहरण 'कुर्बान'चे. कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेले अर्पण. एखाद्या मुलाने आपल्या मिळकतीविषयी "हे कुर्बान आहे" असे एकदा म्हटले की, ती आईवडिलांसाठी वापरण्याची त्याला मोकळीक राहत नसे. नवस मोडता येत नाही, असे शास्त्री सांगत. आईबाप उपाशी राहिले तरी नवस शाबूत! आईवडिलांचा मान राखा ही देवाची आज्ञा होती. पण देवाच्याच नावाने काढलेल्या वाटेने ती टाळता येत होती.

ही पाच वचने वाचताना आम्ही अस्वस्थ झालो, त्याचे कारण सांगायला हवे. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता लिहीत आहोत. त्या वेळी आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात सेवा करीत होतो. एका गृहस्थांनी देवळातील नव्या वेदीसाठी मोठी देणगी दिली होती. दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लावावी, एवढीच त्यांची इच्छा. माणूस भला. घरात रोज संध्याकाळी रोझरी होत असे. त्यांच्या आईला दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तशरीर द्यायला जात होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. आमचा आवाज ऐकून ती हात जोडत असे, पण हात जोडायची ते दुसऱ्याच दिशेला. "ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू, सध्या हात जरा आखडलाय," असे मुलाने आमच्यासमोर सांगितले होते. ते ऐकूनही आम्ही देणगी घेतली, पावती फाडली आणि रविवारी वेदीवरून त्यांचे आभारही मानले.

जी वेदी त्या माउलीला दिसणारच नव्हती, तिच्यासाठी तिच्या डोळ्यांचे पैसे आम्ही घेतले होते. गोष्टीतला परुशी शोधायला आम्हांला दूर जावे लागले नाही.

सोमवारी आम्ही त्या घरी गेलो. मुलगा दुखावला. "फादर, देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं?" असे त्याने विचारले. त्याहून कठीण प्रश्न आईचा होता. "देवळाच्या पैशांनी मी डोळे करून घेऊ? पाप नाही का लागणार, फादर?" आम्ही म्हणालो, "आई, चौथी आज्ञासुद्धा देवानेच दिली आहे." देवळाच्या समितीतील काहींनाही आमचे म्हणणे रुचले नाही. घेतलेली देणगी परत करायची नाही, अशी तिथली प्रथा होती. रक्कम परत गेली. वेदी वर्षभर लांबली. शस्त्रक्रियेनंतर ती माउली मुलाचा हात धरून मिस्सेला आली आणि जुन्याच वेदीसमोर बसली.

यावरून कोणी असे म्हणेल की, मग परंपरा हवीच कशाला? बायबल हातात असले की पुरे. आपले काही शेजारी आपल्याला हेच सांगतात. त्यांना शांतपणे उत्तर द्यायला हवे. पवित्र मिस्साबलिदानाविषयी करिंथकरांना लिहिताना संत पौल म्हणतो की, जे मला मिळाले तेच मी तुमच्या हाती दिले. चारही शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधीचे हे पत्र आहे. नव्या करारात कोणती पुस्तके असावीत हेही ख्रिस्तसभेने प्रेषितांच्या परंपरेतूनच ओळखले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ईश्वरी प्रकटीकरणावरील दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र शास्त्र आणि पवित्र परंपरा हे एकाच झऱ्याचे पाणी आहे, असे तो शिकवतो. आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

प्रेषितांकडून आलेली ही पवित्र परंपरा वेगळी आणि आपल्या रीती वेगळ्या. रीती बदलू शकतात. आपल्या आजी-आजोबांच्या काळी ख्रिस्तशरीर घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. ख्रिस्तशरीरावरील श्रद्धा मात्र तीच राहिली.

दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. इ.स. २५६ च्या सुमारास कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी असा वाद घातला की, पाखंडी लोकांकडून बाप्तिस्मा घेतलेल्यांना ख्रिस्तसभेत येताना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा. सत्यापुढे रूढीचे काय चालणार? रोमचे पोप स्टीफन म्हणाले, जुनी रीत मोडू नका, बाप्तिस्मा पुन्हा देऊ नका. पुढे ख्रिस्तसभेने पोप स्टीफन यांचेच म्हणणे मान्य केले. म्हणूनच आजही पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने योग्य बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट बांधव आपल्याकडे आला, तर आपण त्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाही. सत्याचे नाव घेणारा संतही चुकू शकतो आणि जुन्या रीतीच्या पोटी सत्य असू शकते. केवळ 'जुने ते टाका' म्हणून भागत नाही.

मग पारख कशी करायची? कुर्बानच्या गोष्टीतून आम्हांला एक प्रश्न मिळाला आहे. ही रीत पाळताना देवाची कोणती आज्ञा मला सोयीने विसरता येते? लग्नात कर्ज काढून गावाला जेवण घालतो, तेव्हा घरातल्या कोणाची फी थांबली आहे? मृताच्या महिन्याच्या मिस्सेला सारे भाऊ एका बाकावर बसतात, पण जमिनीच्या तुकड्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. त्या मिस्सेने कोणाचे मन मोकळे झाले? मुलीने दुसऱ्या जातीतल्या कॅथलिक मुलाशी लग्न ठरवले म्हणून दार बंद करतो, तेव्हा आपण कोणत्या आज्ञेचे पालन करतो? रीत आज्ञेकडे नेत असेल तर तिला जपू या. आज्ञेला आडवी येत असेल तर, ती कितीही जुनी, कितीही भक्तिभावाची असो, ती बाजूला ठेवू या.

आणि हा प्रश्न आपण आम्हां धर्मगुरूंनाही विचारावा. देणगीची पावती फाडताना आमच्याही डोळ्यांवर पडदा येतो. या रविवारी घरी गेल्यावर, जेवणापूर्वी, मार्कच्या सातव्या अध्यायातील नववे ते तेरावे वचन कुटुंबाने एकत्र वाचावे, ही विनंती. वाचून झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारावे, "तुम्हांला काही हवे आहे का?"

प्रभू आपल्या सर्वांचे डोळे उघडो.

आपला धर्मगुरू