सरव्यातला वाटा

नवापूरचे रेल्वे स्थानक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना राज्याची सीमा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत गेला. तेथे एकाच बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत असू शकतात. जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या पलीकडचे बऱ्हाणपूर एके काळी खानदेशाच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. आज ते मध्य प्रदेशात आहे. सोयरिकी मात्र नकाशा पाहून जुळत नाहीत. शिरपूरच्या घरात सेंधव्याची सून येते, रावेरच्या घरात बऱ्हाणपूरची.

या सुनांचा प्रश्न २०२४ साली ठळकपणे समोर आला. त्या वर्षी जूनअखेर महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. पात्र स्त्रीला दरमहा १,५०० रुपये मिळणार होते. पण ती महाराष्ट्राची रहिवासी असल्याचा पुरावा हवा होता. अधिवासाचा दाखला नसेल, तर पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्र, नाहीतर जन्माचा वा शाळेचा दाखला. चार वर्षांपूर्वी सीमा ओलांडून आलेल्या सुनेने यांतले काय दाखवावे? मध्य प्रदेशातही २०२३ पासून अशीच योजना आहे. पण लग्नानंतर ती तेथली राहिली नाही. माहेरच्या राज्याने नाव कमी केले, सासरच्या राज्याने ओळख विचारली.

जुलैच्या आरंभी शासनाने नियम सुधारला. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीचा विवाह महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी झाला असेल, तर पतीचा दाखला ग्राह्य मानावा, असे ठरले. हा निर्णय न्याय्य होता. तरीही त्याने एक नैतिक प्रश्न मागे ठेवला. हा हक्क त्या स्त्रीचा, की तिच्या पतीच्या कागदाचा? पतीने कागद देण्याचे नाकारले, किंवा तिला टाकून दिले, तर तिने कोणत्या दारी उभे राहावे?

श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेने महामारीच्या काळात प्रत्येक प्रौढ पात्र व्यक्तीला १,२०० डॉलरपर्यंतची कर-सवलत दिली. परंतु पतिपत्नींनी एकत्र विवरणपत्र भरले असेल आणि त्यांतील एकाजवळ सामाजिक सुरक्षा क्रमांक नसेल, तर सर्वसाधारणपणे दोघांनाही ती नाकारली गेली. परदेशातून आलेल्या जोडीदारामुळे त्या देशाच्या नागरिकाचाही वाटा बुडाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही चूक दुरुस्त झाली.

सार्वजनिक पैसा वाटताना मर्यादा हवी, एकाच व्यक्तीने दोन राज्यांतून लाभ घेऊ नये, हे मान्यच केले पाहिजे. पण तेवढ्यासाठी ती येथे राहते काय, येथे कष्ट करते काय, हे तपासणे पुरेसे ठरावे.

पवित्र शास्त्रातली रूथ अशीच परमुलखातली सून होती, आणि विधवाही. दाखला देणारा पती तिला उरला नव्हता. मोशेच्या नियमशास्त्राने शेताच्या कडा आणि खाली पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राखून ठेवली होती. त्या आधारावर ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. ही कोणाची, अशी बवाजाने चौकशी केली खरी. पण तिला मान दिला तो तिने स्वतः केलेल्या त्यागासाठी. मायदेश सोडून ती सासूजवळ राहिली होती. पुढे प्रभू येशूच्या वंशावळीत मत्तयाने तिचे नाव नोंदवले.

ख्रिस्तसभेची १९८३ ची नियमसंहिताही याच वाटेने जाते. कायम राहण्याच्या इराद्याने जो धर्मग्रामात येऊन राहतो, त्याचा तेथे अधिवास होतो. इराद्याविना राहिला, तरी पाच वर्षे पुरतात. अर्थात कायमची नांदायला आलेली सून पहिल्या दिवसापासून आपल्या धर्मग्रामाची असते, आणि ती स्वतःच्या इराद्याने.

नियम इतका उदार असताना आपले वर्तन तसे आहे काय? ‘ती तिकडची’ हे शब्द आपल्याही ओसरीवर ऐकू येतात. गेल्या काही वर्षांत सीमेपलीकडून आपल्या धर्मग्रामात किती सुना आल्या, त्यांपैकी कितींची नावे शिधापत्रिकेवर चढली, आणि कोणी विधवा झाली तेव्हा तहसील कचेरीत तिच्यासोबत कोण गेले, याची चौकशी आपण करायला हवी. सरवा आपल्या शेतातही पडलेला असतो.