शाळा उघडली त्या दिवशी

॥ श्रीराम समर्थ ॥



आपल्या तेलंगणात १२ जूनला शाळा उघडतात.  दिलसुखनगर गटातल्या एक ताई शिक्षिका आहेत (त्यांना विचारूनच लिहिते आहे). आदल्या रात्री त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मनगटाला प्लास्टर. पहाटे नळाला पाणी नाही, धाकट्याला कणकण, यजमान गावाला. शाळेचा पहिलाच दिवस, रजा कुठली मागणार? शेजारीण येऊन बसली म्हणून मेट्रो तरी मिळाली.

निघता निघता ताई सासूबाईंवर ओरडल्या, "शंभरदा सांगितलं, रात्री दिवा लावून जात जा!" मेट्रोत जपाला बसल्या, पण मन लागेना. संध्याकाळी मला फोन. "काकू, सुट्टीभर रोजच्या माळा झाल्या. आज एकही नाही, वर आईंना बोलले. माझं नाम वरवरचंच का हो?"

मी काय केलं, तर "महाराज सांभाळतात" म्हटलं आणि फुलांचं चित्र असलेला एक मेसेज पाठवला. ताईंचं उत्तर आलं, "काकू, उद्या अकरा वाजता आईंना जेवायला कोण वाढेल?"

खरं सांगते, लाज वाटली. मी दिवसभर घरीच असते, दोन गल्ल्या पलीकडे!

१८७६ च्या दुष्काळाची हकीकत आपण महाराजांच्या चरित्रात कितीदा वाचली. दारी आलेल्या भुकेल्यांना त्यांनी 'नाम घ्या' एवढं सांगून परत पाठवलं नाही. शेतात काम दिलं, जेवू घातलं. आणि आपण सगळं सोपं करून मेसेज पुढे ढकलतो.

दुसऱ्या दिवशी वरणभात घेऊन गेले. ताईंना म्हटलं, राहिलेला जप रात्री होईल, नाहीतर उद्या होईल. माळ मोजणीसाठी आहे, महाराज काही हजेरीपट घेऊन बसलेले नाहीत. पण आईंना बोललात ते मात्र त्यांच्याशीच मिटवा, तसबिरीपुढे डोकं टेकून ते मिटायचं नाही. त्या रात्री ताईंनी सासूबाईंची वेणी घातली, एका हाताने त्यांना जमत नव्हती ना. घालता घालता म्हणाल्या, "आई, चुकलं माझं." सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवा मी नव्हताच लावला." दोघी हसल्या म्हणे. जप किती झाला ते मी विचारलं नाही.

प्लास्टर अजून महिनाभर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी जाते, मंगळवारी मलकपेटच्या वहिनी. गुरुवारी अकरा ते एक कुणी नाही. जमेल त्यांनी मला फोन करावा, ताई शाळेत उचलत नाहीत. भात जरा मऊ लागतो, आणि तिखट बेताचं.