जाणता जाळणारा: ‘फॅरनहाइट ४५१’मधील ज्ञानाचा नैतिक प्रश्न

रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीकडे ग्रंथदहनाविरुद्धचे रूपक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. अशा वाचनात ज्ञान आणि सत्ता हे परस्परविरोधी पक्ष ठरतात: वाचणारा तो मुक्त, जाळणारा तो अज्ञानी. परंतु कादंबरीची संहिता ही विभागणी मान्य करीत नाही. ग्रंथ जाळणाऱ्या अग्निदलाचा प्रमुख बीटी हा तिच्यातील अत्यंत बहुश्रुत माणसांपैकी एक आहे. ज्याने ग्रंथ वाचले तोच ते जाळतो, याचा नैतिक अर्थ काय, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

बीटी आपल्या हाताखालच्या माँटॅगला ग्रंथबंदीचा जो इतिहास सांगतो, त्याचा आरंभ हुकूमशहाच्या फर्मानाने होत नाही. चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांच्या वेगाशी जुळवून घेताना ग्रंथांचे संक्षेप झाले, संक्षेपांचे सारांश झाले. कोणत्याच समूहाला काही टोचू नये म्हणून विचारांच्या कडा घासल्या गेल्या. शासन आले ते सर्वांत शेवटी. हे निवेदन अर्थात जाळणाऱ्याचे आहे, आणि त्यात त्याची सोय आहे. सर्वच दोषी असतील तर ज्याच्या हातात ज्वालायंत्र आहे त्याचा दोष वेगळा मोजण्याचे कारण उरत नाही. समाजाच्या उदासीनतेचे बीटीने केलेले निदान खरे असू शकते. त्यातून तो स्वतःसाठी काढतो ती दोषमुक्ती मात्र खरी नाही. लोकांनाच ग्रंथ नको होते, या त्याच्या युक्तिवादाला पुस्तकांसह स्वतःला जाळून घेणारी वृद्धा हाच प्रतिवाद आहे.

माँटॅगला नामोहरम करताना बीटी एका ग्रंथातील वचन दुसऱ्या ग्रंथातील वचनावर आदळतो, आणि ग्रंथ परस्परांना खोटे पाडतात असा निष्कर्ष काढतो. वचने त्याला पाठ आहेत, पण त्यांपैकी एकाचेही त्याच्यावर बंधन नाही. मतभिन्नतेपासून विचाराला सुरुवात व्हावयास हवी. त्याच्या लेखी मात्र ती विचाराच्या व्यर्थतेचा पुरावा ठरते. प्राध्यापक फेबर तीन गोष्टींची गरज सांगतो: जीवनानुभवाचा अस्सल पोत, तो पचविण्यासाठी निवांतपणा आणि या दोहोंतून जे उमगले त्यानुसार कृती करण्याचा अधिकार. पहिल्या दोन गोष्टी बीटीला दुर्लभ नसाव्यात. तिसरीचा त्याने त्याग केला आहे. फेबरनेही भीतीपोटी दीर्घकाळ मौन पाळले, परंतु तो ते कबूल करतो. दोघांतील खरे अंतर या कबुलीचे आहे.

कादंबरीच्या अखेरीस भेटणारी, ग्रंथ मुखोद्गत करणारी माणसेही एका अर्थाने जाळणारीच आहेत. पकडले जाऊ नये म्हणून वाचून झालेली पुस्तके त्यांनी स्वतः जाळली आहेत. बीटी आणि या माणसांचा म्होरक्या ग्रेंजर, दोघांनाही ग्रंथ पाठ आहेत, दोघांनीही ते जाळले आहेत. मग भेद कोठे? ग्रेंजर स्वतःला ग्रंथाचे केवळ वेष्टन मानतो. वचन त्याच्याजवळ ठेव म्हणून असते, मागणाऱ्याला परत देण्यासाठी. येथे मात्र कादंबरी थोडी भाबडी होते. स्मरणातून विश्वस्तवृत्ती आपोआप निर्माण होत नाही, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. वेदांचे पाठ शतकानुशतके काटेकोरपणे जपणाऱ्या व्यवस्थेनेच शूद्रांना व स्त्रियांना त्यांच्या अध्ययनाचा अधिकार नाकारला. जपणूक आणि बंदी एकाच कंठात नांदू शकतात. म्हणून ग्रंथ कोण स्मरतो याइतकाच, तो कोणाला नाकारतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

खुद्द या कादंबरीच्या वाट्याला आलेला अनुभव येथे उद्बोधक आहे. १९६७ साली तिच्या प्रकाशकांनी शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत अनेक ठिकाणी लेखकाला न विचारता बदल करण्यात आले; १९७३ पासून काही वर्षे तीच आवृत्ती सर्वत्र विकली जात होती. ही गोष्ट लेखकाच्या निदर्शनास आल्यावर मूळ पाठ पुन्हा छापला गेला आणि १९७९ मध्ये त्याने या प्रकाराचा निषेध करणारे टिपण त्यास जोडले. हे बदल निरक्षरांनी केले नव्हते. संहिता बारकाईने वाचल्याखेरीज ते करताच आले नसते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट अस्वस्थ करणारी वाटावी. अवतरणांवरील प्रभुत्व ही त्याच्या विद्वत्तेची खूण समजली जाते, आणि या कसोटीवर बीटी सहज उत्तीर्ण होतो. आपण जे वाचतो आणि शिकवतो त्याचे आपल्यावर कोणते बंधन आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या कसोटीत सापडत नाही. ते ज्याचे त्याने कृतीने द्यावयाचे असते.