तीन दिवसांचं पिंप

इंग्लंडमधल्या केंट काउंटीत गावोगावचे पब पाहत हिंडणारा माणूस आधी भाळतो तो इमारतीवर. काळपटलेले लाकडी वासे, बुटकं दार, पेटलेली शेकोटी. भाळावं असंच ते असतं. पण पबाचा कस लागतो तळघरात, आणि तळघराची अब्रू गावकऱ्यांच्या हातात असते.

तिथली पारंपरिक बिअर म्हणजे कास्क एल. ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यात जिवंत यीस्ट असतं आणि तिचं शेवटचं आंबणं पबाच्या तळघरात, पिंपातच होतं. पबवाला पिंपाला लाकडी खुंटी मारून आतला वायू हळूहळू सोडतो, गाळ बसू देतो, तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राखतो. मग तोटी बसते आणि हातपंपाने बिअर वर ओढली जाते. जितकी बिअर बाहेर येते, तितकी हवा आत शिरते. तिथून नीरेसारखी घाई सुरू होते. साधारण तीन दिवसांत पिंप रिकामं झालं नाही, तर आधी चव मरते, मग आंबटपणा येतो.

आता हिशेब मांडू. फर्किन हे ९ गॅलनचं पिंप, म्हणजे ७२ पिंट. तळाचा गाळ सोडून देऊ. तरी रोज वीसेक पिंट खपायला हवेत, तेही एकाच बिअरचे. चार प्रकार ठेवले तर ऐंशीच्या वर. लहानशा खेड्यात, पावसाळी मंगळवारी संध्याकाळी ते कोण पिणार? रविवारी गाडीतून येणारा पाहुणा तेव्हा नसतो. शेजारच्या घरातला म्हातारा असतो, शेतावरून आलेला गडी असतो. पाहुण्याला मिळणारा चांगला पिंट या माणसांनी आदल्या दिवशी राखलेला असतो.

गाळलेली, बहुधा पाश्चराइज केलेली, वायूच्या दाबाने वर येणारी केग बिअर ही कटकट संपवते. ती कितीतरी जास्त दिवस टिकते. गाव आलं काय, न आलं काय. मला तिचा हाच दोष मोठा वाटतो. कास्क एल वाचवण्यासाठी १९७१ साली ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली, तेव्हा चवीबरोबर गाव आणि पबाचं हे नातंही वाचत होतं.

पिंप वेळेत संपवण्याच्या अडचणीवर केंटने स्वतःचं उत्तर शोधलं. हर्न गावात २००५ साली खाटकाच्या जुन्या दुकानात ‘बुचर्स आर्म्स’ उघडला. इवलीशी खोली, मोजकी पिंपं, गप्पा मारणारी माणसं. अशा चिमुकल्या पबांची, म्हणजे मायक्रोपबची, सुरुवात इथली मानतात. खोली लहान, म्हणून पिंप लवकर संपतं; पिंप लवकर संपतं, म्हणून बिअर ताजी.

तेव्हा कधी केंटला गेलात, तर पंपांची लांबलचक रांग पाहून हुरळू नका. दोन-तीनच पंप असलेला, आडवारीही माणसं असलेला पब निवडा. इथे सगळ्यात जास्त काय खपतं ते विचारा, आणि तेच घ्या.